पाच पायांची गाय

माझा भाऊ एवाझियो ग्राल्या याच्यावर आजवर तीन पुस्तकं निघाली, आणि तिन्हींत त्याचा जन्म तुरीनचा दाखवला आहे. तो जन्मला मोंब्रुनोत, आमच्या लोखंडी सामानाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, १९०८च्या फेब्रुवारीत. खाली गिऱ्हाईक होतं म्हणून बाबा वर आले नाहीत. चार वर्षांनी मी जन्मले, तेव्हाही गिऱ्हाईक होतं. पुस्तकवाल्यांना मी दोनदा पत्र लिहून चूक कळवली. एकानं आभार मानले आणि पुढच्या आवृत्तीत मला एवाझियोची मावशी करून टाकलं.

अकराव्या वर्षी बाबांनी त्याला जेपोकाकाकडे कामाला लावलं. जेपोकाका नवसाच्या पाट्या रंगवायचा. आमच्या भागात कुणी चेरीच्या झाडावरून पडूनही वाचला, कुणी उलटलेल्या बैलगाडीखालून जिवंत निघाला, की डोंगरावरच्या मादोन्नाच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, देवळात पाटी वाहायची. पाटीत तीन गोष्टी लागतात. एका कोपऱ्यात ढगावर मादोन्ना, मधोमध अपघात, आणि तळाशी पी. जी. आर. ही तीन अक्षरं, म्हणजे ‘कृपा झाली म्हणून’. यातलं एक जरी राहिलं तरी नवस फिटत नाही.

मादोन्ना आणि माणसं जेपोकाका स्वतः काढायचा. जनावरं त्यानं एवाझियोवर सोपवली. एकदा बास्तियानो नावाचा शेतकरी आपली पाटी न्यायला आला, बघत राहिला आणि म्हणाला, “ही माझी बियोंदा नव्हे. ही शेजारच्या पियेरोची गाय आहे. माझी बियोंदा डाव्या बाजूला मान टाकून उभी राहते.” एवाझियो उठला, अडीच मैल चालत जाऊन दोन्ही गायी बघून आला, आणि बास्तियानोचं म्हणणं खरं निघालं. त्यानं मान डावीकडे वळवून दिली. त्या दिवसापासून सगळ्या पंचक्रोशीत कुणाला गाय काढून हवी असली की लोक त्याचं नाव घ्यायचे. तो ते कधी बोलून दाखवत नसे, पण रस्त्यानं चालताना ते दिसायचं.

आईला मात्र त्याच्या गायी पटल्या नाहीत. “गायीच्या डोळ्यांत असं काही नसतं,” ती म्हणायची. “तू उगाच भरतोस.”

एकोणिसाव्या वर्षी तो तुरीनला गेला आणि वेगाच्या चित्रकारांना मिळाला. घरी पत्र आलं, की इथून पुढं मी उभी राहिलेली एकही वस्तू काढणार नाही. मग त्यानं आगगाड्या काढल्या, विमानं काढली, बारा पायांचा सायकलवाला काढला. बाबांनी ते चित्र दुकानात लावलं, तर एका गिऱ्हाइकानं विचारलं की हे किती जण आहेत. मग लढाई झाली, तो अल्बानियाला गेला आणि हाडांचा सापळा होऊन परत आला. वेगाबद्दल त्यानंतर तो काही बोलला नाही.

१९४९ साली त्यानं आणि आणखी चौघांनी मिळून ‘बास्ता’ गट काढला. बास्ता म्हणजे पुरे. त्यांनी जाहीरनामा छापला: झाडं पुरे, सफरचंदं पुरे, उघड्या बायका पुरे, गायी पुरे. गायींचा मुद्दा एवाझियोनं स्वतः घातला होता. बाकीचे चौघे शहरातले, त्यांनी आक्षेप घेतला नाही. पहिल्या वर्षी त्यांनी एकाला सूर्यास्त काढताना पकडून हाकललं. दुसऱ्या वर्षी दोघांनी एकमेकांना हाकललं. उरले एवाझियो आणि फाउस्तिनो नावाचा एक जण, जो फक्त खिडकीच्या काचा पुसायचा आणि त्याचं प्रदर्शन भरवायचा.

एवाझियोची पद्धत अशी होती. सकाळी उठून तो कॅनव्हासवर एक पुरं चित्र रंगवायचा, खोलीला कडी लावून. दुपारी बारा वाजता सुरी घेऊन ते सगळं खरवडून काढायचा, अगदी कापडाचे धागे दिसेपर्यंत. मग ते खरवडलेलं कापड भिंतीवर, आणि निघालेला रंग काचेच्या बरणीत भरून खाली फळीवर. बरण्या आमच्या होत्या. आई त्याला दर उन्हाळ्यात जर्दाळूचा मुरंबा पाठवायची आणि रिकाम्या बरण्या परत येत नाहीत म्हणून माझ्याकडे कुरकुरायची. १९५४ साली व्हेनिसच्या मोठ्या प्रदर्शनाचा फोटो वर्तमानपत्रात आला, त्यात काचेच्या पेटीतल्या बरणीवर आईच्या अक्षरातली चिठ्ठी वाचता येत होती: ‘जर्दाळू, साखर कमी’. त्या चिठ्ठीबद्दल एका टीकाकारानं दोन पानं लिहिली. आईनं ती माझ्याकडून वाचून घेतली आणि म्हणाली, “साखर खरंच कमी होती.”

खरवडण्याआधी तो काय रंगवत असे, हे त्यानं कुणाला कधीच सांगितलं नाही. मी मात्र बरण्या पाहिल्या होत्या. आत पांढरा, राखाडी, थोडा काळा आणि तळाशी गुलाबी. आमच्याकडच्या गायी पांढऱ्या-राखाडी असतात, शिंगांची टोकं काळी आणि सड गुलाबी. मीही तोंड उघडलं नाही.

आता नवसाचं. ते व्हेनिसच्या प्रदर्शनाच्या दोन वर्षं आधी घडलं होतं.

१९५२च्या सप्टेंबरात तो मादोन्नाच्या सणाला घरी येत होता. कुणाकडून तरी घेतलेली जुनी छोटी फियाट गाडी होती. कब्रस्तानाखालच्या वळणावर बास्तियानोची गाय रस्त्यात उभी होती. ती पहिली बियोंदा केव्हाच मेली होती, ही तिची पणती असेल. एवाझियोनं गाडी वळवली, गाडी कठड्यावरून खाली गेली, तीन कोलांट्या खाल्ल्या आणि हेझलनटच्या बागेत उताणी पडली. गायीला काही झालं नाही. एवाझियो तीन दिवस शुद्धीवर नव्हता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन कपडे आणून ठेवायला सांगितलं, आणि ते शवपेटीत घालायचे, हे मला कळलं.

आई इस्पितळाच्या बोळात गुडघ्यांवर बसली. माझ्यासमोर तिनं नवस बोलला: हा वाचला, तर तो आपल्या हातानं तुझी पाटी काढील.

“आई,” मी म्हटलं, “नवस तुझा, आणि हात त्याचा कसा बांधतेस?”

“तो हात मीच केलाय,” आई म्हणाली.

चौथ्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि गाडीचं काय झालं ते विचारलं.

आईनं त्याला नवसाचं सांगितलं, तेव्हा तो हो म्हणाला. अंगावर प्लास्टर असताना माणूस कशालाही हो म्हणतो. मग तो तुरीनला गेला आणि दर वर्षी एक नवं कारण आलं. एकदा हात दुखत होता. एकदा प्रदर्शन होतं. १९५५ साली तर त्यानं गॅलरीवाल्या बेल्त्रामोबरोबर नोटरीपुढं करार केला, स्टँपपेपरवर, तीन शिक्क्यांसह: आजपासून माझ्या कुठल्याही चित्रात ओळखू येईल अशी आकृती उरणार नाही. उरली, तर करार मोडला, आणि घेतलेली सगळी चित्रं परत करायला गॅलरी मोकळी. गिऱ्हाइकांना अशी हमी आवडते, असं बेल्त्रामोचं म्हणणं होतं. तेव्हापासून एवाझियोकडे कायमचं कारण झालं.

तरी आईनं पिच्छा सोडला नाही, म्हणून १९५६ साली बसनं एक पार्सल आलं. आत एक लाकडी पाटी, खरवडलेली, आणि एक बरणी. मी दोन्ही घेऊन डोंगर चढून देवळाचे फादर अल्फेओ यांच्याकडे गेले. फादर जाडजूड, शांत, आणि पाट्यांच्या बाबतीत कडक होते.

“मादोन्ना कुठाय?” त्यांनी विचारलं.

“काढली होती म्हणतो. मग खरवडली.”

“आणि अपघात?”

“तोही बरणीत आहे.”

फादरनी बरणी उजेडात धरली. “डेल्फिना, हे म्हणजे आभार मानले आणि परत घेतले, असं झालं. हे मला भिंतीवर लावता येणार नाही. बरणी हवी तर स्वयंपाकघरात ठेवतो.”

“पण नवस फिटला का?”

“नवस कुणी बोलला?”

“आईनं.”

“मग तो तिच्या डोक्यावर आहे. मुलगा खरवडो नाहीतर जाळो. ती जाईल तेव्हा तो तिच्याबरोबर जाईल.”

हे मी आईला सांगितलं नाही, पण तिला ते माहीत होतं. आमच्याकडे ते सगळ्यांना माहीत असतं.

१९५९च्या फेब्रुवारीत आईला न्यूमोनिया झाला. एकोणऐंशी वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, ईस्टर काही दिसत नाही. आई मरायला भीत नव्हती. ती भीत होती ते वर गेल्यावर मादोन्नाला तोंड दाखवायला. रात्रंदिवस एकच विचारायची, “पाटी आली का? आजच्या बसला आली का?” मी एवाझियोला तार केली. उत्तर आलं: ‘मिलानला प्रदर्शन. संपताच येतो. तिला मिठी.’ ती तार वाचून मला त्याचा जो राग आला, तो अजून थोडा शिल्लक आहे.

मग मी दुकानाच्या मागच्या खोलीत गेले. तिथं लागेल ते सगळं होतं: खिडक्यांचा हिरवा रंग, गंजापासून वाचवणारा लाल रंग, चुना, डांबर, आणि खिळ्यांच्या खोक्याचं झाकण. मी आयुष्यात चित्र काढलं नव्हतं. आठ दिवस लागले. मादोन्ना बरी झाली, कारण ढगात अर्धी लपवली. गाडीला लाल रंग दिला. एवाझियोला हेझलनटच्या झाडाखाली आडवा केला आणि कळावं म्हणून त्याला चष्मा घातला. गायीपाशी माझं सगळं बिनसलं. मी जन्मभर गायी बघत आले आहे, पण ते डोळ्यांना ठाऊक होतं, हाताला नव्हतं. शिंगं कानांखाली गेली. शेपूट जाड झाली आणि जमिनीला टेकली. खोडायला गेले तर आणखी जाड झाली. तळाशी मी लिहिलं: पी. जी. आर., सप्टेंबर १९५२, एवाझियो ग्राल्या. हात त्याचा असल्याशिवाय नवस फिटणार नव्हता. माझा हात चालला असता तर मी सात वर्षांपूर्वीच काढून मोकळी झाले असते.

“बसनं आली,” मी आईला सांगितलं.

आईनं पाटी मांडीवर घेतली आणि अर्धा तास बघितली. मग सूप मागितलं. ईस्टरला ती स्वतःच्या पायांनी डोंगर चढली, पाटी भिंतीवर लागली, आणि डॉक्टरांनी बरेच दिवस आमच्या दुकानात येणं सोडलं. एवाझियोला मी कळवलं, की आई आता पाटीचं काही बोलत नाही. ते खरंही होतं. त्यानं पुढं काही विचारलं नाही. सुटलो म्हणून त्याला बरं वाटलं असेल.

तीन वर्षं सुखात गेली.

१९६२ साली रोममध्ये त्याच्या तिशीपासूनच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन ठरलं. साल्वेत्ती नावाचे एक प्रोफेसर त्याची यादी करत होते. ते भले गृहस्थ होते, दिसेल ते लिहून घ्यायचे. जन्मगाव बघायला म्हणून मोंब्रुनोत आले, डोंगरही चढले, आणि फादर अल्फेओ मोठ्या कौतुकानं त्यांना म्हणाले, “हे आमच्या एवाझियोचं.” प्रोफेसरांनी फोटो काढला आणि खाली उतरले.

सणाच्या दिवशी एवाझियो जेवायला घरी आला होता. आई टेबलाच्या टोकाला, नवा काळा फ्रॉक घालून. मी आन्योलोत्ती, म्हणजे मांस भरलेल्या पिठाच्या पुरचुंड्या, उकळत होते. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि प्रोफेसर आत आले. मागोमाग बेल्त्रामो, घामाघूम. मी आणखी दोन ताटल्या मांडल्या, कारण सणाच्या दिवशी आलेल्याला विचारायचं नसतं.

प्रोफेसरांनी फोटो टेबलावर ठेवला, पालथा. आमच्या देशात चित्रकार जिवंत असला की चित्राच्या फोटोमागं त्याच्याकडून लिहून घेतात: हे माझं आहे, किंवा हे माझं नाही. खाली सही. एकदा ती सही झाली की पोपसुद्धा काही करू शकत नाही.

“मास्तर,” प्रोफेसर म्हणाले, “एक छोटीशी गोष्ट. हे तुमचं आहे का, एवढंच.”

एवाझियोनं फोटो उलटला. मी झारा घेऊन चुलीपाशीच उभी राहिले.

त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आधी मादोन्ना बघितली. मग गाडी. मग चष्म्यातला स्वतः. मग तो गायीपाशी आला आणि तिथंच थांबला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तो बाराव्या वर्षी चिडायचा तेव्हा तशाच व्हायच्या. मग त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी पातेल्यात बघितलं.

“सांगून टाका नाही म्हणून, आणि जेवू या,” बेल्त्रामो म्हणाला. “आंधळ्यालाही कळेल. ही गाय चित्रकाराची नाहीच. ही कुणा... कुणा सुताराची आहे.”

“रंग मात्र विचार करायला लावतो,” प्रोफेसर म्हणाले. “गंजाचा रंग, डांबर, चुना. हे वापरायचं धाडस इटलीत किती जणांना आहे? पण तुमचं नसेल तर तसं लिहा, मास्तर. मग मला फादरना पत्र द्यावं लागेल. खोट्या सहीची वस्तू देवळात ठेवता येत नाही. ते ती उतरवतील.”

“काय उतरवतील?” आईनं विचारलं. तिचे डोळे मंद झाले होते, पण कान तिखट होते.

“काही नाही, आई,” मी म्हटलं.

“माझी पाटी? का उतरवायची?”

बेल्त्रामोनं फोटो ओढून घेतला, खालचं साल वाचलं, आणि त्याचा चेहरा खुलला. “अहो, बावन्न! बावन्न साल घातलंय! करार पंचावन्नचा. मग झालंच की. तरुणपणची गंमत म्हणू. त्या वेळी काढलेलं, हो ना मास्तर?”

“कसलं बावन्न,” आई म्हणाली. “एकोणसाठच्या मार्चात आली. मी मरत होते. बसनं आली. फादरच्या वहीत आहे.”

बेल्त्रामो खाली बसला. एवाझियो आईकडे वळला. “आई, तुला... बरी वाटली का पाटी?”

“बरी म्हणजे?” आई म्हणाली. “त्या पाटीनं मी उठले. लोक काहीही म्हणोत. गाय बिघडलीय, ते मी पहिल्या दिवशीच बघितलं. पण गायी तुला कधी जमल्याच नाहीत. म्हणूनच तर ओळखलं, की हात तुझा.”

मला वाटलं, आता तो बोलणार. माझ्या भावानं आयुष्यात सगळं टाकून दिलं होतं, वेग टाकला, माणसं टाकली, रंगसुद्धा बरणीत भरून टाकला. पण आपल्यासारखी गाय आमच्या अख्ख्या पीडमाँट प्रांतात कुणाला येत नाही, एवढं एक त्यानं ठेवलं होतं. रोज सकाळी कडी लावून तो तेवढंच काढत होता. ते मला ठाऊक होतं. आणि ज्या एका माणसानं ते कबूल करावं असं त्याला वाटत होतं, ते माणूस त्याच्यासमोर बसून रुमालानं टेबल पुसत होतं.

“पेन द्या,” एवाझियो म्हणाला.

त्यानं फोटोमागं लिहिलं, ‘हे माझं आहे’, आणि सही केली, पूर्ण नावाची, करारावर करतो तशी.

प्रोफेसरांनी शाई वाळेपर्यंत वारा घातला. मग हळूच म्हणाले, “मास्तर, आपल्या दोघांत. पाचवा पाय. तुमच्या वेगाच्या दिवसांकडे परत जाणं आहे का ते?”

“हो,” एवाझियो म्हणाला.

मला राहवलं नाही. “ती शेपूट आहे,” मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“शेपूट आहे,” एवाझियो म्हणाला.

प्रोफेसरांनी ते लिहून घेतलं. बेल्त्रामोनं दोन ताटल्या आन्योलोत्ती खाल्ल्या, करार मोडल्याचं सांगितलं, आईच्या हाताचं चुंबन घेतलं आणि गेला.

भांडी मी घासली, एवाझियोनं पुसली. बराच वेळ तो एकच ताटली पुसत होता.

“शिंगं कानांच्या खाली?” तो म्हणाला.

“माहितीय मला कुठं असतात ती.”

“मला सांगितलं असतंस तर मी काढून दिली असती.”

“सात वर्षं सांगत होते.”

त्यानं ताटली फडताळात ठेवली. “हो,” तो म्हणाला. पुढची ताटली घेतली.

रोमचं प्रदर्शन झालं नाही. महिनाभरात खरवडलेली चित्रं एकेक करून परत यायला लागली, आणि आम्ही ती दुकानाच्या माळ्यावर ठेवली. फाउस्तिनोनं तारेनं त्याला ‘बास्ता’ गटातून काढलं आणि गटात एकटा उरला. एवाझियो तुरीनची खोली सोडून मोंब्रुनोत आला, वरच्या खोलीत, जिथं जन्मला तिथं. लोकांच्या खिडक्या रंगवायचा. प्रोफेसरांच्या नव्या पुस्तकात ‘पुनरागमन’ नावाचं प्रकरण निघालं, आणि एक वर्षभर मिलानची पोरं पाच पायांच्या गायी काढत होती. एका नव्या गॅलरीवाल्यानं तशाच दहा मागितल्या. एवाझियोनं मनापासून प्रयत्न केला. पण हात ऐकेना. बसला की चार पाय, शिंगं जागच्या जागी, आणि डोळ्यांत ते काहीतरी. शेवटी त्यानं मलाच विचारलं.

“फीना, तू काढतेस का?”

“एकदा पाप केलं तेवढं पुरे,” मी म्हटलं.

आई १९६६च्या जानेवारीत गेली, झोपेत, काहीही न विचारता. एवाझियोनं तिला खांदा दिला. मला मात्र धड रडू येईना. ती निवांत गेली, पण माझ्या खोटेपणावर विसंबून गेली. वर तिच्या नवसाचं काय झालं असेल, ते मला कळायला मार्ग नव्हता. फादर अल्फेओंपाशी कबुली द्यायला मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा दुसरीच पापं सांगून आले.

सप्टेंबरात सणाआधी गावातल्या बायका देवळातल्या पाट्या पुसायला जातात. मी शिडीवर चढले, माझी पाटी पुसली, शिंगं कानांखाली होती तशीच होती. मग दिसलं, की शेजारी एक नवी पाटी आहे. हाताच्या पंजाएवढी. खाली नाव नव्हतं, नुसतं पी. जी. आर.

एका कोपऱ्यात ढगावर मादोन्ना, जेपोकाका काढायचा तशी, अगदी त्या बारीक नाकासकट. खाली आमचं स्वयंपाकघर. टेबलाच्या टोकाला काळ्या फ्रॉकात आई, हातात रुमाल. मध्ये एक माणूस, पाठमोरा, वाकून काहीतरी लिहितोय. चुलीपाशी मी, हातात झारा, पातेल्यात बघतेय. माझा चेहरा मी आरशातही इतका नीट बघितलेला नाही. आणि मागच्या खिडकीतून, वाटाण्याएवढी, कब्रस्तानाखालच्या वळणावर एक पांढरी गाय. चार पाय. शिंगं कानांच्या वर. मान डाव्या बाजूला टाकलेली.

एकही रेघ खरवडलेली नव्हती.

मी शिडीवरच बसले आणि ढसाढसा रडले. खाली बायकांना वाटलं, माझ्या डोळ्यांत धूळ गेली.

घरी येऊन मी सूप वाढलं. “डोंगरावर एक नवी पाटी आलीय,” मी म्हटलं.

“कसली?” एवाझियो म्हणाला आणि पाव मोडला.

त्यानंतर प्रोफेसर एकदा देवळातल्या सगळ्या पाट्यांची यादी करायला आले. माझ्या पाटीला त्यांनी चार पानं आणि रंगीत फोटो दिला. शेजारच्या पाटीखाली छापलंय: ‘अज्ञात स्थानिक कारागीर. हात सफाईदार, कल्पना जुनाट. गाय चांगली.’ ती ओळ मी एवाझियोला वाचून दाखवली. त्यानं ती दुसऱ्यांदा वाचायला लावली.

आईचा नवस फिटायला चौदा वर्षं लागली. दर सप्टेंबरात मी दोन्ही पाट्या पुसते, आधी त्याची.